साफ रिपोर्टचा नवस

नागपूर
८ डिसेंबर २०२४

ती. स्व. सौ. मोठ्या आईस,

गुंजनचा सा. न. वि. वि. ही अक्षरं तूच शिकवलीस, म्हणून ती गाळायची हिंमत होत नाही.

लाडवांचा डबा पोचला. वीरेंद्रदादाने एस.टी.च्या कंडक्टरकडे दिला होता. त्या भल्या माणसाने डबा मांडीवर घेऊन आणला आणि मला सांगितलं की ताई, वासावरून डिंकाचे आहेत, पण उघडून पाहिला नाही. मी त्याला दोन दिले. उरलेल्यांपैकी किती माझ्या वाट्याला आले ते विचारू नकोस, माझ्या खोलीवरच्या मुली फार प्रेमळ आहेत.

फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. दादाचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. भोवती सगळं घर आणि मागे शेळी. तुला काहीही विचारलं की तू बरी आहो म्हणतेस आणि फोन हर्षावहिनीकडे देतेस. वहिनी परवा सहज बोलून गेली की मोठी आई हल्ली शेतातून येताना बांधावर बसत बसत येतात. तेव्हापासून माझं चित्त जागेवर नाही.

माझं काम तुला नीट सांगितलं नाही कधी, ते आज सांगते. काही माणसांच्या, त्यातही बायकांच्या जास्त, छातीत दुखतं. अँजिओग्राफी होते, मोठ्या नसा साफ निघतात आणि घरी पाठवणी होते. पण हृदयाच्या आत केसाहून बारीक नसांचं जाळं असतं. अँजिओग्राफीच्या चित्रात ते दिसत नाही. रक्त जास्त लागतं तेव्हा या नसा उघडत नाहीत, म्हणून दुखतं. डॉक्टर त्याला मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना म्हणतात. आमच्या मॅडम अशा रुग्णांची वर्षानुवर्षं चौकशी ठेवतात. त्यांतल्या कोणाला पुढे झटका येईल, कोणाचं हृदय थकेल, हे आधी ओळखता येतं का, ते मी त्यांच्या माहितीवरून पाहते. प्रत्येक रुग्ण माझ्या पडद्यावर एक ठिपका होतो. दुपारी डोळे जड झाले की ते ठिपके नवेगावबांधच्या तळ्यावर थंडीत उतरणाऱ्या बदकांसारखे हलायला लागतात. धुकं, पाणी, आणि पाण्यावर काळे काळे ठिपके. मग त्यातला एक पाण्यावरून उठतो आणि मी दचकते.

आई-बाबा मला तुझ्यापाशी ठेवून आमगावला दुकान मांडत होते तेव्हा तू मला सुपात तांदूळ पसरून बोटाने अ काढायला शिकवलंस. हात थरथरला की तांदूळ सांगायचे. आता तुझा हात थरथरतो का, ते मला कोण सांगणार? तुझ्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट साफ आला हे मला माहीत आहे. दुखणं गेलं का?

लोभ तर आहेच. त्यात भर म्हणून दोन ओळी खऱ्या लिही.

तुझी,
गुंजन


बेहडाटोला, ता. अर्जुनी मोरगाव
१८ डिसेंबर २०२४

चि. गुंजन हिस मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र घेऊन तलावाच्या पाळीवर गेले आणि तिथे वाचलं. घरी वाचलं असतं तर हर्षाने विचारलं असतं की काऊन रडून राहिल्या. रडले नव्हते, पण तू अ ची आठवण काढायला नको होतीस.

खरं लिही म्हणालीस. लिहिते, पण ते तुझ्यापाशीच राहील. तुला मातामायची शपथ.

अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी तुझ्या मोठ्या बाबूजींनी मातामायसमोर नारळ ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हटलं की बाईची रिपोर्ट साफ येऊ दे, गावाले जेवण देतो. रिपोर्ट साफ आली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे पाहुणे गावात होतेच, त्यात आमची पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. शेजारच्या गीताबाईने तीनदा भात घेतला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली की आता शंभर वर्षं हालत नाहीस तू. त्याच पंगतीत बुंदी वाढताना दुखलं. टोपली खाली ठेवली आणि पदर सारखा केल्यासारखं केलं. आता कोणाला सांगू? देवीने दिलं, गावाने खाल्लं. दुखतं म्हटलं तर देवी तरी खोटी ठरते, नाहीतर मी तरी.

शिवाय या घरात पेशंट एकच. दोन वर्षांपूर्वी यांच्या नसेत जाळी बसवली, तेव्हापासून खिशात जिभेखालची गोळी, डोक्यावर छत्री आणि बसायला बांध. मी साफ म्हणून त्यांच्या वाटचं कामही माझ्याकडे आलं. रागावून लिहीत नाही. त्यांना झालं तेव्हा मी फार भ्याले होते. त्यांना तसं भिताना मला बघवणार नाही.

दुखतं कसं म्हणशील तर छातीच्या आत कोणी ओलं लुगडं पिळतं. एक पीळ, दोन पीळ. मग सोडून देतं आणि पाणी निथळत राहावं तसा बराच वेळ थकवा निथळतो. त्या थकव्यात सगळं लांब जातं. हर्षा हाक मारते ती तळ्याच्या पलीकडून आल्यासारखी वाटते. कधी कधी ते बरंही वाटतं बघ.

आता माझं एक काम कर. होळीच्या सुमारास हर्षाचं बाळंतपण आहे. पहिलं माहेरी झालं, हे दुसरं इथे. मी तिला शब्द दिला आहे की सव्वा महिना तुझा हात पाण्यात जाऊ देणार नाही. विहीणबाई यायला निघाल्या होत्या, त्यांना मी ठणकावून सांगितलं की तुम्ही येऊ नका, मी आहे. तर तुझ्या त्या ठिपक्यांत मला टाक आणि एवढंच पाहून सांग, तेव्हा मी असेन ना? शब्द देऊन बसले आहे.

जेवत जा. लाडू वाटून खाल्लेस ते बरं केलंस, पण कंडक्टरला दोन जरा जास्तच झाले.

तुझ्यावर जीव टाकणारी,
मोठी आई


नागपूर
२८ डिसेंबर २०२४

ती. मोठी आई,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून त्या दिवशी जेवले नाही. हे लिहिणार नव्हते, पण तू खरं लिहिलंस, तर मीही खरंच लिहायला हवं.

तुला ठिपक्यांत टाकता येत नाही. तू आमच्या अभ्यासात नाहीस, आणि आमचं गणित अजून चाचणीतच आहे. त्याच्या भरवशावर कोणाला काही सांगायला मॅडमनी बंदी केली आहे. मी तुझं नाव न घेता त्यांना विचारलं. तसं विचारणंसुद्धा शपथेत बसतं की नाही, हे दोन दिवस मनात घोळत होतं. मॅडम म्हणाल्या की अंदाज बांधायला रक्तदाब लागतो, साखर लागते, दम लागतो का, याआधी दवाखान्यात भरती झाली होती का, औषध दिल्यावर बारीक नसांमधला ओघ किती वाढतो, हे सगळं लागतं. आणि सगळ्यात आधी रुग्णाने दुखतं तेव्हा दुखतं म्हणायला लागतं.

दादाने तुझ्या फेरतपासणीच्या कागदाचा फोटो पाठवला होता. त्यावर लिहिलं आहे की दुखणं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मोठे बाबूजी शेजारी उभे असणार, हे मला इथे बसून दिसलं. मोठी आई, त्या एका नाहीमुळे तुझा धोक्याचा आकडा लहान येईल. मी तो तुला कळवीन, आपण दोघी आनंदात राहू, आणि तो आनंद खोटा असेल.

आकडा खरा असला तरी तो असा येतो की तुझ्यासारख्या शंभर जणींपैकी इतक्यांना पुढे त्रास होईल. त्यांतली तू कोणती, ते तो सांगत नाही. हे मी रोज लोकांना समजावते. तुझ्यासाठी लिहिताना मात्र मलाच तो आकडा हवासा वाटतो, नुसता नाही तर लहान हवासा वाटतो. म्हणून माझ्या हातून हे व्हायला नको.

तू इथे ये. बारीक नसा तपासण्याची सोय आहे, औषधं आहेत. ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत, पण पुष्कळांचं दुखणं कमी होतं. तोवर एवढं ऐक. दुखलं की हातातलं काम टाकायचं. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, थोड्या वेळात थांबलं नाही, तर शपथ-बिपथ बाजूला ठेवून १०८ ला फोन, नाहीतर दादाची मोटरसायकल, पण सरळ दवाखाना. हे मी खाली रेघ मारून लिहिलं आहे. तुला रेघा मारलेल्या आवडत नाहीत, तरी मारली आहे.

काल स्वप्नात मी तळ्यावर होते. धुक्यातून कोणीतरी हाका मारत होतं आणि मी पाण्यावरचे ठिपके मोजत होते. पुन्हा पुन्हा एक कमी भरत होता. जाग आली तेव्हा बाहेर खरंच धुकं होतं.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
गुंजन


बेहडाटोला
१५ जानेवारी २०२५

चि. गुंजन हिस आशीर्वाद आणि सोबत तीळ.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. उन्हाळी धानाची रोपं, पऱ्हे तयार आहेत, रोवणी सुरू झाली. पाटाला पाणी सुटलं तेव्हा तुझी बारीक नसांची गोष्ट मला उलगडली. मोठा पाट भरून वाहतो, सगळे म्हणतात पाणी आलं. आपल्या धानशेताची शेवटची बांधी मात्र कोरडीच. ऊन चढलं, पऱ्ह्याला तहान लागली की नेमकं तेव्हाच तिथे पोचत नाही. सायबाने मोठ्या पाटाचा फोटो काढून नेला तर त्याचं काय चुकलं? त्याला पाणीच दिसलं.

मागच्या आठवड्यात तांदूळ निवडत बसले होते. उठणं नाही, वाकणं नाही, नुसती बसले होते, आणि पिळायला लागलं. घामही आला. तू रेघ मारलीस ती डोळ्यांसमोर आली. पण हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी डोळे मिटले. मग असं वाटलं की मी आपल्या तलावात उताणी तरंगते आहे, कान पाण्याखाली, वर सारसाची जोडी जाते आहे, आणि मला कुठेच जायचं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. हर्षाने खांदा हलवला, म्हणाली की तांदळातच झोपी गेल्या का. मी हो म्हटलं.

तू शंभर जणींचं लिहितेस. मला शंभर जणी माहीत नाहीत. रोवणीच्या रांगेत आम्ही दहा-अकरा. गीताबाई मधूनच पदर खोचायला थांबते, आणि पदर तर तिचा खोचलेलाच असतो. माझ्यावरून मला ते दिसतं. तुझ्या कागदावर तीही साफच असेल.

नागपूरला मी येत नाही, पोरी. येते म्हटलं तर का म्हणून विचारतील. बाया म्हणतील की मातामाय हिच्यावर कोपली. यांनी आयुष्यात देवीजवळ एकदाच मागितलं, ते माझ्यासाठी मागितलं. ते फुकट गेलं असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? होळी होऊ दे. बाळ येऊ दे. मग बघू.

फार विचार करू नकोस. तुझं लहानपणापासून असंच, दुसऱ्याच्या पाटीवरची चूकसुद्धा तुला झोपू देत नसे.

तुझी,
मोठी आई


नागपूर
२० जानेवारी २०२५

ती. मोठी आई,

आज नमस्कार घाईत करते, राग मानू नकोस. हे पत्र स्पीडपोस्टने पाठवत आहे.

बसल्या जागी दुखलं आणि घाम आला, एवढं वाचल्यावर होळीपर्यंत थांबणं माझ्याच्याने होणार नाही. तुला स्वप्नासारखं वाटलं ते स्वप्न नव्हतं. हे म्हणते ते मला आकडे कळतात म्हणून नव्हे, तर मॅडमनी नवीन रुग्णाला पहिल्या दिवशी जे विचारलं असतं त्याचं उत्तर तू दिलंस म्हणून.

मी शपथ मोडणार आहे. तुला न सांगता मोडणं मला जमत नाही, म्हणून आधी कळवते. रविवारी, २६ तारखेला, मी गोंदियाला गाडी बदलून येते. तोवर तू मोठ्या बाबूजींना सांगितलंस तर मी फक्त जेवायला आले असं समज. नाही सांगितलंस तर ओसरीवर चढल्याबरोबर मी सांगेन. मातामायने काय करायचं ते माझं करावं. आणि मधल्या दिवसांत पुन्हा तसं झालं, तर माझी वाट बघायची नाही.

रागाव, पण माया कमी करू नकोस.

गुंजन


बेहडाटोला
२४ जानेवारी २०२५

चि. गुंजनले मोठ्या बाबूजीचा आशीर्वाद.

मले पत्र लिवता येत नाही. पण फोनवर बोलाले गेलो तं सगळं घर आयकते. म्हणून लिवून राहिलो. वीरेंद्र हे पत्र घेऊन येते. त्याच्या संगं जाऊन मॅडमचा नंबर लाव.

परवा तुहं पत्र आलं. तुह्या मोठ्या आईनं वाचलं, कमरेले खोचलं आन् रोवणीले गेली. मी बांधावर छत्री घेऊन बसलो होतो, पेशंट ना मी! रांग अर्ध्यात असताना ती उठली. चिखलाच्या पायानं माह्याजवळ आली आन् म्हणाली का खिशातली गोळी द्या. मी म्हणलो कोणाले पाहिजे? म्हणाली मलेच. तोंड पांढरंफटक. मी गोळी दिलो. दुसऱ्याची गोळी अशी घेऊ नये, असं अर्जुनीचे डॉक्टर मागून बोलले, ते कबूल. वीरेंद्रनं तिले तसंच मोटरसायकलवर मधात बसवून दवाखान्यात नेलं. मागं हर्षा बसत होती, तिले उतरवलं, मी बसलो. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, रातभर ठेवलं. आता घरी आहे.

दवाखान्यात तिनं मले सांगतलं. बुंदीच्या दिवसापासून दुखून राहिलं म्हणे. मी म्हणलो कायले लपवलं? तं म्हणाली तुमचा नवस. मले असा राग आला, बाई. तिचा नाही, माहाच.

आज सकाळी मातामायकडं गेलो. बाया रोवणीले चालल्या होत्या, म्हातारा काय करते म्हणून थांबल्या. मी मोठ्यानं म्हणलो का माय, तुही काही चूक नाही. मी रिपोर्ट मागतलो, तू रिपोर्ट दिली. मले बाई मागाले पाहिजे होती, मी कागद मागून बसलो. जेवण झालं ते कागदाचं झालं. बाईचं जेवण बाकी आहे, ते देईन. पण पहिले तिले नागपूरले दाखवीन, त्यात तू मधात पडू नको.

मले वाटलं हासतील. कोणी हासलं नाही. गीताबाई घरापर्यंत माह्या मागं आली आन् म्हणाली का भाऊजी, मले बी दुखते. मी म्हणलो सांगतलं काऊन नाही? तं म्हणते का तुमच्या पंगतीत तीनदा भात घेतली, मंग कोणत्या तोंडानं सांगू?

तिलेही घेऊन येऊ का, ते मॅडमले विचार.

तू शपथ मोडाले येणार होती म्हणे. आता मोडू नको, तशीच ठेव, कधी कामी पडंल. पण रविवारी जेवाले ये.

तुहा,
मोठे बाबूजी


बेहडाटोला
९ मार्च २०२५

चि. गुंजन हिस अनेक आशीर्वाद.

नागपूरहून आल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, आज वेळ मिळाला. म्हणजे वेळ रोजच आहे, हे लोक मला काही करूच देत नाहीत. मोठे बाबूजी चहा करतात. त्यांच्या चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. मी काही बोलत नाही, अर्धा ओतून देते.

तुला एक सांगायचं राहिलं. तिथे काम करणारी आणि माझी नातेवाईक म्हणून तू मॅडमच्या खोलीत आली नाहीस, बाहेर बाकावर बसून नखं खात होतीस. म्हणून आत काय झालं ते तुला माहीत नाही. मॅडमनी विचारलं की दुखतं का. माझी नजर सवयीने यांच्याकडे गेली. हे माझ्याकडे बघत होते. मग उठले, छत्री खुर्चीलाच विसरून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर मी जे बोलले, गुंजन, ते कधी कोणाजवळ बोलले नव्हते. लुगडं पिळल्यासारखं, तळ्यात तरंगल्यासारखं, सगळं सांगितलं. मॅडमनी लिहिणं थांबवलं आणि पंखा बंद करून ऐकलं.

बारीक नसा उघडत नाहीत हे तपासणीत निघालं ते तुला ठाऊकच आहे. निघताना मी मॅडमना विचारलं की मी असेन का. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, धोका आहे, इतरांपेक्षा जास्त आहे, औषधाने कमी होईल, पण दिवस कोणालाच सांगता येत नाही. त्यांनी अंदाजही सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, तू त्याला धरून बसशील. भीती वाटावी इतका मोठा नाही, विसरून जावं इतका लहान नाही. परत येताना गाडीत मी तो यांना सांगितला. खिडकीबाहेर शेतं सरकत होती. बांध्या, मोह, पळस, पुन्हा बांध्या. मग त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

तुमच्या अभ्यासात मीही नाव दिलं. माझा कागद तू हाती घेणार नाहीस, दुसरी मुलगी घेईल, असं तू मला तीनदा बजावलंस. तुझं ते सोवळं तुलाच लखलाभ. पण कोणत्या ठिपक्याला काय झालं ते त्या मुलीला नीट लिहायला सांग. गीताबाईची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. ती नवं लुगडं घेऊन बसली आहे.

आणि विहीणबाई आल्या. मीच फोन करून बोलावलं. म्हटलं, मी असेन तर असेनच, पण तुम्ही असलेल्या बऱ्या. त्या त्याच दिवशी दोन पिशव्या आणि खलबत्ता घेऊन हजर झाल्या. खलबत्ता आमच्याकडे नाही असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे. आता दिवसभर आम्ही दोघी ओसरीवर बसतो. बाळंतशेपा भाजून द्यायचा की कच्चा, यावरून भांडतो. हर्षा म्हणते की बाळ यायच्या आधी मलाच इथून पळून जावं लागेल. डॉक्टरीणबाईंनी आठ-दहा दिवस सांगितले आहेत. बाळंतपण अर्जुनीच्या दवाखान्यातच करायचं ठरलं आहे.

तुझी तब्येत सांभाळ. नखं खाऊ नकोस. माया तुझ्यावर होती तशीच आहे, वाढवायला आता जागा राहिली नाही.

तुझी,
मोठी आई

ता. क. सही केली आणि पेन ठेवावा लागला. तसंच आलं होतं, बसल्या जागी. मी हाक मारली. कधी मारली नव्हती, त्यामुळे आवाज फार मोठा निघाला. चहाचं पातेलं सोडून हे आले, वीरेंद्र अंघोळीतून ओल्या डोक्याने आला, विहीणबाई खलबत्ता हातात घेऊनच आल्या आणि गीताबाई कुंपणावरून. गोळी घेतली, आता माझीच आहे. वीरेंद्रने गाडी काढून ठेवली होती, पण तेवढ्यात थांबलं. तरी हे म्हणतात की दाखवूनच येऊ. म्हणून पत्र इथेच बंद करते, वाटेत पेटीत टाकीन.